मैदानावरच्या पिवळ्या रेघा

१

मंगळवारी सकाळी पावणेसहाला फोन वाजला, तेव्हा रेफरीबाई गच्चीवर दोरीच्या उड्या मारत होत्या. वय एकसष्ट. शिट्टी वाजवणं सोडून सहा वर्षं झाली होती, पण पाय अजून निवृत्त व्हायला तयार नव्हते. फोनवर त्यांचे धाकटे दीर होते. एरवीही हा माणूस मोजकंच बोलायचा, आज तर एकच वाक्य बोलला.

"वहिनी, मैदान मेलं."

बाई पर्स उचलून होत्या तशा निघाल्या.

भाऊजी एकोणीस वर्षं गावच्या फुटबॉल क्लबचं मैदान सांभाळत होते. क्लब तिसऱ्या डिव्हिजनमधला. दहा वर्षांपूर्वी तिसरी डिव्हिजन म्हटलं की लोक हसायचे. खेळाडू दुपारपर्यंत कारखान्यात आणि चारनंतर मैदानात, रेघा वाकड्या, गोलला जाळी असली तर असली. त्या काळात बाईंनी तिथे शिट्टी वाजवली होती. एकदा तर चेंडू डबक्यात तरंगत राहिला म्हणून त्यांना सामना थांबवावा लागला होता. आता तीच डिव्हिजन ओळखू येत नव्हती. खेळाडू पूर्ण वेळचे झाले, सामने टीव्हीवर दिसू लागले, वरच्या क्लबांची माणसं वही घेऊन खेळाडू हेरायला येऊ लागली. दोनशे प्रेक्षकांचे चार हजार झाले. येत्या रविवारी घरच्या मैदानावर हंगामातला शेवटचा सामना होता. तो जिंकला की क्लब दुसऱ्या डिव्हिजनमध्ये, आणि तेही इतिहासात पहिल्यांदा. पण शनिवारी लीगचे निरीक्षक मैदान तपासायला येणार होते. मैदान नापास झालं, तर सामना जिंकूनही वर जाता येणार नव्हतं.

बाई पोचल्या तेव्हा सव्वासहा वाजत आले होते. स्टँडसमोरच्या उघड्या बाजूला, जिथे दिवसभर ऊन असतं, दोन ठिकाणी गवतावर पिवळे पट्टे उमटले होते. कुठे हातभर, कुठे दहा पावलं लांब, मधे तुटलेले. बाकी सगळं मैदान हिरवंगार. भाऊजी पट्ट्याशेजारी उकिडवे बसले होते. एक पातं उपटून बोटांत चोळत होते आणि कोणाकडे बघत नव्हते.

हळूहळू माणसं जमली. सगळ्यांत आधी क्लबचे अध्यक्ष आले. गावात त्यांची चष्म्यांची तीन दुकानं होती. त्यांच्या मागोमाग कोच आला. तो पूर्वी शाळेत खेळाचा शिक्षक होता, म्हणून त्याला सगळे अजून मास्तरच म्हणायचे. मग सदतीस वर्षांचा गोलकीपर आला. त्याला भिंत म्हणायचे आणि तो दिसायचाही तसाच. क्लबची सेक्रेटरी धावतपळत आली आणि सवयीने मोबाइलवर फोटो काढू लागली.

"हे काल रात्री झालंय," अध्यक्ष म्हणाले. "कोणीतरी येऊन औषध ओतलंय."

तेवढ्यात मास्तर मागच्या फाटकाकडून ओरडत आला. "कुलूप कापलंय! मागचं कुलूप!"

सगळे तिकडे धावले. खरंच, कापलेलं कुलूप कडीला लोंबकळत होतं. कोणी शेजारच्या गावाच्या क्लबचं नाव घेतलं, कोणी शिवी हासडली. अध्यक्षांनी मात्र कुलपाकडे एकदाच बघितलं आणि मान हलवली.

"कुलूप कोणीही कापेल. पण तणनाशक कपाटात असतं, कपाट बंद आहे आणि कॅन अर्धा रिकामा आहे. त्या कपाटाची किल्ली एकाच माणसाकडे असते." ते भाऊजींकडे वळले. "निष्काळजीपणा म्हणा, नाहीतर आणखी काही म्हणा. चौकशी होईपर्यंत तुम्ही या मैदानावर पाय ठेवायचा नाही."

भाऊजींनी तोंडातून ब्र काढला नाही. किल्ल्यांचा जुडगा सेक्रेटरीच्या हातात दिला आणि चालू लागले.

बाईंना त्या आरोपापेक्षा त्यांच्या गप्प बसण्याचीच जास्त धास्ती वाटली.

२

लोक पांगल्यावर बाई मैदानातच थांबल्या. त्यांना हटकायची कोणाची छाती नव्हती. गावातल्या निम्म्या पुरुषांना त्यांनी कधी ना कधी पिवळं कार्ड दाखवलं होतं.

त्यांनी खिशातली मोजपट्टी काढली. पट्ट्याची रुंदी दहा सेंटिमीटर. चार पावलं पुढे गेल्या, पुन्हा मोजलं. दहा. दुसऱ्या ठिकाणी जाऊन मोजलं, तिथेही दहा. आणि पट्टा सुतासारखा सरळ.

"रात्री अंधारात हातात कॅन धरून ओतणारा माणूस," त्या स्वतःशीच पुटपुटल्या, "इतकं नेटकं काम कसा करेल?" रेघ कुठे फुगली असती, कुठे आकसली असती. दोन पट्ट्यांच्या मधे शिंतोडे उडाले असते. इथे एक थेंब इकडचा तिकडे नव्हता.

मग त्या मागच्या फाटकाशी गेल्या. कुलूप अजून तिथेच लटकत होतं. बाईंनी ते हातरुमालात धरून उलटंसुलटं केलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. कुलूप तसंच रुमालात गुंडाळून त्यांनी पर्समध्ये टाकलं.

भाऊजी घरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते. समोरचा चहा गार झाला होता.

"मला एकच सांगा भाऊजी. आज सकाळी तुम्ही आत कुठून गेलात?"

"रोजच्यासारखा. मागच्या फाटकाने."

"कुलूप?"

"किल्लीने उघडलं आणि कडीलाच अडकवून ठेवलं. रोज तसंच करतो."

"तेव्हा ते धड होतं?"

भाऊजींनी पहिल्यांदाच वर बघितलं. "धड होतं. न व्हायला काय झालं?"

बाईंनी रुमाल सोडून कुलूप टेबलावर ठेवलं. दांडी मधोमध जवळजवळ आरपार कापलेली होती. पण दांडीचं दुसरं टोक कुलपाच्या खाचेतून बाहेर आलेलं होतं. कुलूप बंद असतं तर ते टोक आत रुतलेलं असायला हवं होतं.

"उघडं कुलूप कापलंय हे," बाई म्हणाल्या. "ज्याला आत शिरायचंय तो उघडं कुलूप कापत बसत नाही, काढतो आणि आत जातो. हे तुम्ही आल्यानंतर, आपली सगळ्यांची पळापळ चालली होती तेव्हा कोणीतरी कापलं. कापणारा बाहेरचा नव्हता, भाऊजी. आपल्यातलाच होता."

३

त्या सकाळी मैदानावर आलेल्यांपैकी दोघांवर बाईंचं मन घुटमळत होतं. दुपारी त्यांनी मास्तरला गाठलं. तो ड्रेसिंग रूमच्या पायरीवर बसून रविवारच्या संघाची आकडेमोड करत होता.

"मास्तर, राग मानू नकोस, पण तोंडावर विचारते. क्लब वर गेला तर तुझं काय होईल?"

मास्तर हसला. "बाई, तुम्ही शिट्टी वाजवायची सोडली, पण पकडायचं सोडलं नाही. दुसऱ्या डिव्हिजनच्या कोचला वरच्या दर्जाचं लायसन्स लागतं. माझ्याकडे ते नाही. क्लब वर गेला की माझी खुर्ची जाते."

"म्हणजे तुला कारण आहे."

"आहे ना. म्हणून तर सांगतो." त्याने वहीत घडी घालून ठेवलेला एक कागद काढला. लायसन्सच्या अभ्यासक्रमाचं प्रवेशपत्र होतं, दोन महिन्यांपूर्वीचं. "वर्षभर मदतनीस म्हणून काम करीन. मग परत येईन. चौदा वर्षं या पोरांना घेऊन वर चढायचं स्वप्न बघितलं, ते खुर्चीसाठी मोडू? अध्यक्षांना मात्र घाई नाही. ते सारखे मोठ्या शहरातल्या क्लबच्या ऑफिसात दिसतात."

बाईंनी ते वाक्य मनात टिपून ठेवलं आणि भिंतीकडे मोर्चा वळवला.

भिंत गोलच्या जाळीच्या गाठी तपासत होता. बाईंनी कुलूप त्याच्यासमोर धरलं. सहा फूट तीन इंचांचा तो माणूस बघता बघता लहान मुलासारखा दिसायला लागला.

"जाळीची तार कापायची कात्री शेडमध्ये असते," बाई म्हणाल्या. "शेड उघडीच होती आणि कात्री कुठे असते हे तुला ठाऊक आहे. सगळे पट्ट्यांभोवती गोळा झाले होते, तेव्हा मला तू दिसत नव्हतास. मी बावीस वर्षं बावीस माणसांवर नजर ठेवत आले आहे रे. एक कमी झाला की कळतं."

"मी औषध नाही ओतलं, बाई!"

"ते मला माहीत आहे. कुलूप का कापलंस ते सांग."

"काकांसाठी. पट्टे बघितले आणि मला लगेच कळलं ते कुठे आहेत. मागच्या शनिवारच्या आधीचा शनिवार आठवतो? मुलांसाठी मैदान खुलं ठेवलं होतं. चार छोटी मैदानं आखली होती, निळ्या रेघांची. माझी मुलगी त्यातल्याच एका मैदानावर खेळली, मी तीन तास तिथेच उभा होतो. पिवळे पट्टे बरोब्बर त्या निळ्या रेघांवर आलेत. त्या रेघा काकांनीच आखल्या होत्या. मला वाटलं, त्यांच्या हातून काहीतरी अदलाबदल झाली असणार आणि आता त्यांची नोकरी जाणार. म्हटलं, बाहेरचा कोणीतरी आला असं दिसलं तर..." "मी अठराचा असताना त्यांनीच मला या मैदानावर राहायला खोली दिली होती."

बाईंना त्याला रागवावं की जवळ घ्यावं कळेना. त्यांच्या डोक्यात मात्र दिवा लागला होता. जुन्या काळी गबाळ्या मैदानांवर रेघा टिकाव्यात म्हणून काही लोक रंगात तणनाशक मिसळायचे. गवत जळून रेघ महिनोन् महिने दिसत राहायची. ते औषध आज मारलं म्हणून उद्या दिसत नाही. गवत पिवळं पडायला आठवडा, दहा दिवस लागतात.

म्हणजे काल रात्री मैदानावर कोणीही आलं नव्हतं. विष दहा दिवसांपूर्वी निळ्या रंगातून गेलं होतं, आणि त्या रेघा ओढणारा हात भाऊजींचाच होता.

४

बुधवारी भाऊजींनी दार उघडलं ते सुजलेल्या डोळ्यांनी.

"तुम्हालाही पहिल्याच क्षणी कळलं होतं," बाई म्हणाल्या. "म्हणून गप्प बसलात."

"कळलं होतं, वहिनी. कालपासून तोच विचार करतोय. कॅन तर माझ्या नेहमीच्या फवारणीतच अर्धा संपलाय. फवारणीचा पंप वेगळा, रेघांचं यंत्र वेगळं. मी ते यंत्र तीनदा धुतो. तरी वाटतं, म्हातारा झालो, कुठेतरी चुकलो असेन."

"निळा रंग कुठून आणला होता?"

"नेहमी मीच कालवतो. त्या वेळी मात्र तयार पिंप आलं. मुलांसाठी माझ्याकडून भेट, म्हणून अध्यक्षांनी स्वतःच्या गाडीतून आणून दिलं." भाऊजी थबकले. "आणि संध्याकाळी रिकामं पिंप परतही घेऊन गेले. मला नवल वाटलं होतं, रिकाम्या पिंपाचं यांना काय करायचंय?"

बाईंनी खुर्ची ओढली आणि बसल्या.

"पण याने काही सिद्ध होत नाही," बाई शेवटी म्हणाल्या. "ते म्हणतील, दुकानातूनच तसं आलं. पिंप आता सापडणार नाही. मला त्यांच्याच तोंडचं काहीतरी हवं."

गुरुवारी सकाळी आणखी एक तडाखा बसला. स्टँडच्या सावलीत राहणारी बाजूही पिवळी पडली. तिथे ऊन कमी, म्हणून गवत उशिरा मरत होतं. आता चारही चौकटी स्पष्ट दिसत होत्या आणि निरीक्षक यायला दोन दिवस उरले होते. खेळाडू मैदानाच्या कडेला उभे राहून बघत होते.

"किती गवत लागेल?" मास्तरने विचारलं.

बाई भाऊजींना घेऊन कुंपणाबाहेर उभ्या होत्या. भाऊजींनी तिथूनच उत्तर दिलं. "अर्धा किलोमीटर पट्टी. सरावाच्या मैदानावर गोलच्या मागे तसंच गवत आहे, मीच पेरलंय. चार बोटं मातीसकट कापून आणलं तर तिसऱ्या दिवशी खेळता येईल. पण एवढं काम करायला पन्नास माणसं लागतील."

"अध्यक्षांनी यांना मैदानावर बंदी केली आहे," सेक्रेटरी हळूच म्हणाली.

"या मैदानावर," मास्तर म्हणाला. "सरावाचं मैदान माझ्या ताब्यात आहे. आजपासून संघाचा सराव म्हणजे गवत कापणं. काका, तुम्ही माझे पाहुणे प्रशिक्षक. या."

दुपारपर्यंत पन्नासाच्या जागी दीडशे माणसं आली. तिकीट तपासणारे आले, शाळेतल्या शिक्षिका आल्या, दर रविवारी त्याच खुर्चीत बसून रेफरीच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारे आजोबा आले. भाऊजी कुंपणापलीकडच्या सरावाच्या मैदानावरून तुकडे कापून देत होते. मुख्य मैदानावर भिंत गुडघे टेकून ते बसवत होता आणि दर दहा मिनिटांनी कुंपणाकडे बघून ओरडत होता, "काका, हे सपाट आहे का?" भाऊजी दुरूनच हात हलवून सांगत होते, डावीकडे, अजून, दाब.

बाई मात्र कुदळ बाजूला ठेवून क्लबच्या ऑफिसात गेल्या. त्यांना एक गोष्ट खटकत होती. एवढी माणसं राबत होती, आणि अध्यक्ष फिरकलेसुद्धा नव्हते.

५

ऑफिस म्हणजे स्टँडखालची एक खोली. दोन कपाटं, एक प्रिंटर, भिंतीवर संघाचे जुने फोटो. सेक्रेटरी सदस्यांच्या सभेची सूचना छापत होती.

"उद्या संध्याकाळी सभा?" बाईंनी विचारलं. "कसली?"

सेक्रेटरीने कागद पुढे केला. "मोठ्या शहरातल्या क्लबात विलीन व्हायचा ठराव. आपला संघ त्यांचा दुसरा संघ होणार. त्यांचे होतकरू खेळाडू इथे खेळवणार, आपल्याला वर जाता येणार नाही. त्यांचा पहिला संघ दुसऱ्या डिव्हिजनमध्ये आहे, आणि एका क्लबचे दोन संघ एकाच डिव्हिजनमध्ये चालत नाहीत ना. गेल्या वर्षी सदस्यांनी हाच ठराव हाणून पाडला होता. आता म्हणतात, मैदान नापास होणारच, मग दुसरा मार्ग काय?"

"आणि अध्यक्षांना काय मिळणार?"

"त्या क्लबचं उपाध्यक्षपद. त्यांनी मला नवीन व्हिजिटिंग कार्डं छापायला दिली होती, ती मी अजून छापली नाहीत." तिचा आवाज एकदम कडवट झाला. "मैदान नापास होणार याची त्यांना इतकी खात्री आहे की लीगला त्यांनी मंगळवारीच कळवून टाकलं."

"मंगळवारी? कसं कळवलं?"

"पत्राने. मी घरून डबा घेऊन परत आले तेव्हा साडेनऊ वाजले होते. त्यांनी इथेच बसून मजकूर सांगितला, मी टाइप केला आणि लगेच पाठवला."

"प्रत आहे?"

सेक्रेटरीने कपाटातून फाइल काढली. बाईंनी चष्मा लावला आणि पत्र एकदा वाचलं. मग पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं आणि खुर्चीत मागे रेलल्या. बावीस वर्षांच्या कारकिर्दीत, ढोंग करून पडलेल्या खेळाडूला उठवताना त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू यायचं, तेच आता आलं.

"मुली, मंगळवारी सकाळी तू फोटो काढलेस ना? ते पुसलेले नाहीत ना?"

"एकही नाही."

"मग उद्याच्या सभेत त्यांना आधी बोलू दे," बाई उठत म्हणाल्या. "पोटभर बोलू दे."

६

शुक्रवारी संध्याकाळी सहाला क्लबचं सभागृह माणसांनी खचाखच भरलं. अर्ध्या लोकांच्या गुडघ्यांना अजून माती होती. भाऊजी सगळ्यांत मागे दाराशी उभे होते.

अध्यक्षांनी चांगलं भाषण केलं. ते वाईट वक्ते नव्हते आणि एके काळी वाईट अध्यक्षही नव्हते. "भावनेच्या भरात वाहून जाऊ नका," ते म्हणाले. "तुम्ही दोन दिवस ठिगळं लावलीत, मला कौतुक आहे. पण ठिगळांवर दुसरी डिव्हिजन खेळत नाहीत. तिसरी डिव्हिजन कितीही सुधारली तरी ती प्रतीक्षालय आहे, मुक्काम नव्हे. मोठ्यांचं बोट धरलं तरच आपण टिकू. आपल्याच माणसाच्या चुकीने मैदान गेलं, हे मलाही बोलवत नाही."

रेफरीबाई उठल्या.

"दोन प्रश्न विचारते, अध्यक्ष. मैदानावर औषध कधी पडलं?"

"सोमवारी रात्री. मी तेव्हाच सांगितलं."

"तुमच्या पत्रातही तसंच आहे." बाईंनी प्रत उघडली. "मंगळवार, सकाळी साडेनऊ. तुम्ही लीगला लिहिलंत, 'काल रात्री मैदानाच्या चार ठिकाणी औषध ओतण्यात आले असून, चारही चौकटींतील गवत मेले आहे.' बरोबर?"

"बरोबर. मग?"

"मंगळवारी सकाळी किती चौकटी होत्या?"

अध्यक्षांचा हात समोरच्या कागदांकडे गेला.

सेक्रेटरीने दिवे मालवले. सभागृहाच्या पडद्यावर मंगळवारचे फोटो दिसू लागले, प्रत्येकाच्या कोपऱ्यात वेळ. सहा वाजून पन्नास. सात वाजून पाच. उघड्या बाजूला दोन ठिकाणी तुटके पट्टे, आणि स्टँडच्या बाजूला सलग हिरवं, डाग नसलेलं गवत.

"दोन," बाई म्हणाल्या. "तेही अर्धेमुर्धे. सावलीतल्या दोन चौकटी गुरुवारी उमटल्या, दीडशे माणसं साक्षीला आहेत. मंगळवारी चार हा आकडा सांगता येणारी माणसं फक्त अशी, ज्यांना ठाऊक होतं की मुलांच्या चार मैदानांच्या निळ्या रेघा जळताहेत. माझ्या दिरांना ते कळलं आणि ते स्वतःची चूक समजून खचून गेले. आपल्या गोलकीपरला कळलं आणि त्याने त्यांना वाचवायला येडेपणा केला. तो त्याने माझ्याकडे कबूल केलाय, आणि इथेही करेल. तुम्हालाही माहीत होतं, अध्यक्ष. पण तुम्ही लिहिलंत, काल रात्री. निळ्या रंगाकडे कोणाचं लक्ष जाऊ नये म्हणून. कारण तो रंग तुम्ही आणला होता आणि रिकामं पिंप तुम्हीच परत नेलं होतं. सोमवार रात्र खरी मानायची तर चौकटी दोन. चौकटी चार मानायच्या तर रंग विषारी होता हे तुम्हाला ठाऊक होतं. यातलं कोणतं तुम्ही निवडता?"

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मागून कोणीतरी खोकलं.

"मला क्लब बुडवायचा नव्हता," ते शेवटी म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "चौदा वर्षं या गावात तिसऱ्या डिव्हिजनचा अध्यक्ष म्हणून फिरलो. मोठ्या शहरात गेलो की लोक विचारायचे, कुठला क्लब? मला वाटलं, एकदा तरी न विचारता ओळखावं."

"त्यासाठी फक्त रविवारपर्यंत थांबायचं होतं," मास्तर म्हणाला.

अध्यक्षांनी राजीनामा तिथेच लिहून दिला. पुढचं पोलिसांवर सोपवून सदस्यांनी विलीनीकरणाचा ठराव फेटाळला. बाजूने एकही हात वर आला नाही.

मग सेक्रेटरी गर्दीतून वाट काढत दाराशी गेली आणि तिने किल्ल्यांचा जुडगा भाऊजींच्या हातात ठेवला. "काका, मैदान तुमचं."

भाऊजी काहीच बोलले नाहीत. पण या वेळी त्या गप्प राहण्याची बाईंना मुळीच धास्ती वाटली नाही.

७

शनिवारी लीगचे निरीक्षक आले. बारीक अंगाचा, कमी बोलणारा माणूस. त्यांनी पत्र वाचलेलं होतं. त्यांनी चेंडू टाकून उसळी मोजली, गवत मुठीत धरून ओढून बघितलं, टाचेने माती दाबली. मैदान चार वेळा आडवं-उभं पालथं घातलं. मग भाऊजींपाशी येऊन म्हणाले, "सांधे कुठे आहेत ते सांगा. मला पूर्ण लांबीत तीनच सापडले."

"आणखी बरेच आहेत," भाऊजी म्हणाले.

"किती?"

"ते शोधायचं काम तुमचं, साहेब."

निरीक्षक पहिल्यांदा हसले आणि तिथेच उभं राहून त्यांनी कागदावर सही केली. "मी दुसऱ्या डिव्हिजनची अर्धी मैदानं बघितली आहेत," ते म्हणाले. "ती सांभाळणाऱ्या बऱ्याच जणांना मी तुमच्याकडे शिकायला पाठवीन."

रविवारी चारच्या सामन्याला दुपारी एकलाच स्टँड भरला. खेळ असा झाला की टीव्हीवर बोलणारा दोनदा म्हणाला, ही तिसरी डिव्हिजन आहे यावर बाहेरच्यांचा विश्वास बसणार नाही. पाहुण्यांनी पहिला गोल केला. मध्यंतरानंतर आपल्या संघाने बरोबरी साधली. ऐंशीव्या मिनिटाला उजवीकडचा शिडशिडीत खेळाडू स्टँडच्या बाजूने, नव्या गवतावरून, वाऱ्यासारखा सुटला. तिथे चेंडू एक इंचही उडाला नाही. त्याने मान वर करून क्रॉस दिला आणि नंबर नऊने डोकं लावलं. दोन-एक. शेवटच्या मिनिटाला पाहुण्यांचा फटका कोपऱ्यात शिरतोय असं सगळ्यांना वाटलं. सगळ्यांना म्हणजे भिंत सोडून. तो आडवा झेपावला आणि दोन बोटांनी चेंडू बाहेर घालवला.

शिट्टी वाजली तेव्हा स्टँडचं छप्पर हललं. बाईंनी शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली. मग ओळखलं, हे तेच आजोबा. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच एका रेफरीची पाठ थोपटली.

चार हजार माणसं कठडे ओलांडून खाली उतरली आणि बाहेरच्या रेघेपाशी येऊन थांबली. आपोआप. पहिल्या रांगेतल्यांनी मागच्यांना हातांनी थोपवलं. सगळ्यांना ठाऊक होतं, गवत तीन दिवसांचं आहे. मैदानाच्या मधोमध खेळाडू एकमेकांच्या अंगावर पडत होते, मास्तर गुडघ्यांत डोकं घालून रडत होता, आणि गाव रेघेवर उभं राहून भाऊजींकडे बघत होतं.

भाऊजी कोपऱ्यातल्या झेंड्याशी उभे होते. त्यांनी गवताकडे बघितलं, गर्दीकडे बघितलं आणि पुन्हा गवताकडे. मग खाली वाकून स्वतःचे बूट काढले, कडेला ठेवले आणि हात उंच करून हाक दिली, "पायातलं काढा! आणि या!"

चार हजार माणसं अनवाणी आत शिरली. त्या संध्याकाळी निम्मं गाव दुसऱ्याच कोणाच्या तरी बुटांत घरी गेलं, आणि सोमवारी सेक्रेटरीने ऑफिसाबाहेर उरलेल्या जोड्यांची रांग लावली, तरी आठवडाभर ते परत न्यायला कोणीच आलं नाही.